दरज

दिवसा मी दात बनवतो,
वेंगुर्ल्याच्या बाजारात, दवाखान्याच्या मागल्या खोलीत.
रात्री त्याच भुकटीतून
नखाएवढे चिरे.

साच्याला खालून टिचक्या मारायच्या,
बुडबुडे वर येतात.
जो येत नाही, त्याचं उद्या भोक होतं.
होऊ दे. जांभ्याला भोकं शोभतात.

बंदरावरचं मिठाचं गुदाम करतोय.
पाडलं तेव्हा मी सातवीत होतो.
दोन फोटो आहेत,
त्यातल्या एकात मावशीच जास्त आहे.

चार भिंती वेगवेगळ्या ओतल्या,
वाळताना आपापल्या मनाने वाकल्या.
फेव्हिकॉल लावला, रबरबँड ताणले.
या हवेत तो तीन दिवस दुधासारखाच राहतो.
चौथ्या दिवशी सोडवून बघतो तर
समुद्राकडच्या कोपऱ्यात
ब्लेड आत जाईल एवढी फट.

फट आधी ओली करावी लागते,
नाहीतर कोरडी भिंत पाणी पिऊन टाकते
आणि भरलेलं सगळं सकाळपर्यंत तडकतं.
हे मी तीनदा विसरलो.
चौथ्यांदा भुकटी, गोंद, चिमूटभर काव,
सायीइतकं दाट,
दोन नंबरच्या ब्रशने आत ढकललं,
ओल्या बोटाने पुसलं.
दिव्याखाली फिरवून पाहिलं,
कोपरा कुठे सुरू होतो तेच कळेना.
स्वतःवर खूश होऊन निजलो.

शनिवारी उभादांड्याचे जानू मेस्त्री
कवळी घालून बघायला आले.
तोंडात मेणात रोवलेले दात, बोलता येईना,
म्हणून टेबलाभोवती फिरत राहिले.
गुदामापाशी वाकले. कोपरा चाचपला.
मग दात काढून हातात घेतले:

"हयसर दरज होती. बोट जाय येवढी.
वादळात कोपरो पडलो, तेवा मी हेल्पर होतंय.
चिरे दोन खाणींचे, उंची जुळा नाय.
तीन खडे घातलंय नि वर चुनो.
तू बुजवलंस कित्याक?"

मी काय सांगणार.

जाता जाता त्यांनी
मेणातल्या पुढल्या दोन दातांमध्ये नख रुतवलं.
"आणि हयसरय ठेव.
हयसून शीळ घाली होतंय, परातीवरच्या गड्यांका."
म्हटलं, अन्न अडकेल.
"अडकांदे."

रात्री पिनेने कोपरा उकरला.
काव नखांत गेली, कडेचा एक चिरा उडाला,
तो टेबलाखाली अजून सापडलेला नाही.
चाळलेल्या रेतीचे तीन कण
चिमट्याने बसवले, मधे जागा ठेवून.

मग कवळीतून फुंकून पाहिलं.
शीळ नाही, नुसती हवा.
तेच गुदामाच्या कोपऱ्याला तोंड लावून.
आत, जमिनीवर,
थोडी पांढरी भुकटी हलली.