सहाव्यांदा अंगठा

माझ्या दुकानावर निळी पाटी आहे, सेतू केंद्र.
आत कागद खाणारा एक प्रिंटर,
एक कॅमेरा, आणि अंगठ्याची काच.
दर वर्षी पार्बताबाई मारबते इथे येऊन सिद्ध करते
की ती मेलेली नाही.

निराधारच्या पैशांना तेवढंच कळायला हवं असतं.
तलाठ्याला वेगळं:
एकवीस हजारांच्या वर एक रुपया गेला
की ती गरीब राहत नाही.
रेशनच्या मशीनला आणखी वेगळं.
रोजगार हमीवर फोटो, तोही दोनदा, उन्हात.
प्रत्येक योजनेची पार्बता निराळी.
माझ्या फाइलीत त्या सातजणी आहेत,
एकीचं आडनाव मारबदे. ती माझी चूक.
दोन वर्षं झाली, दुरुस्त होत नाही.

चाळीस वर्षं तलावात उतरून शिंगाडे काढले तिनं.
काट्यांनी रेषा खाल्ल्या.
काच म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.

मागच्या मंगळवारी नागपूरहून एक पोरगी आली, वही घेऊन.
समाजमंदिरात बसून विचारलं,
समजा सरकारनं दर महिन्याला प्रत्येकाला पैसे दिले,
अर्ज नाही, अट नाही, दाखला नाही?
"परतेकाले? राइस मिलवाल्या गभणे शेठलेही?"
हो, त्यांनाही.
सगळे हसले. गभणेंचा पुतण्या सर्वांत मोठ्यानं.
पार्बताबाई हसली नाही.
"त्याले कोनी इचारनार नाई,
मंग मलेही कोनी इचारनार नाई,
तू किती गरीब हायेस, दाखव मनून."

"अन् तांदूळ?" मागून शेवंता गेडाम.
"तांदूळ बंद करून देसाल का पैसे?"
पोरगी म्हणाली, काहीजण तसंही सुचवतात.
"मंग नोको.
तांदूळ पोराले पेता येत नाई,
इकाले नेला तं सारा गाव पायते.
पैशाले कोन पायते?
अन् पाच किलो उद्याही पाचच किलो.
शंभराची नोट कोनाच्यान रायली शंभर?"
पोरीनं लिहून घेतलं. पान उलटलं.

मी गप्प होतो. डोक्यात हिशोब:
अर्जामागे तीस रुपये, प्रिंटरचा हप्ता.
अर्जच उरले नाहीत तर पाटी उतरवून मीही
त्या प्रत्येकातला एक. मलाही मिळतील.
बरं वाटलं, भीती वाटली, लाज वाटली,
आधी कोणतं ते आता आठवत नाही.

उठताना पार्बताबाईनं विचारलं,
"पोरी, थे पैसे काढाले आंगठा लागन का?"
पोरगी माझ्याकडे बघत राहिली.
मी पंख्याकडे.

आज ती परत आलीय. पाच वेळा झालं.
तिचा अंगठा मी माझ्या शर्टाला पुसतो,
थोडं खोबरेल लावतो, काचेवर दाबतो,
जरा जास्तच.
"दुखते का?"
"दुखते. सांग ना मंग तुह्या मशीनले."
काचेखाली लाल दिवा लागतो.
स्क्रीनवर गोल फिरत राहतं.