सूट

मस्कतच्या ऑपेरागृहात
खुर्च्या मांडतो मी.
गेल्या साली हीच गोष्ट विंगेतून पाहिलेली:
शेवटच्या अंकात ती मरते,
मग हमूद बटण दाबतो,
पडदा.

यंदा नुसती वाद्यं.
तिचं गाणं ओबोच्या तोंडी,
मरण मध्येच कुठेतरी, तिसऱ्या क्रमांकाला,
आणि शेवटी जत्रेतला नाच, झांजांसकट.
व्हायोलावाली म्हणाली, याला सूट म्हणतात.
म्हटलं, बरोबर आहे.
एवढी तरी मिळायलाच हवी.

रात्री रुवीच्या बसमध्ये
मीही क्रम लावून पाहिला, कुमुद:
आधी इस्पितळ,
मग शिक्के, कार्गोची पावती, तुझं किलोतलं वजन,
आणि सगळ्यात शेवटी
मत्रहच्या मासळीबाजारात
तुटकी चप्पल हातात धरून
सुरमईच्या भावावरून
मोडक्या अरबीत भांडणारी
तू.