पाटी

वसतिगृहामागं नुसता मुरूम,
फुटक्या खुर्च्या, आणि एक पाटी : 'येथे थांबू नये'.
तिथंच आम्ही थांबलो.

कुदळ टण्णकन उलटली
तेव्हा तळव्यावरचा फोड बघत व्यंकटेश कोंडा म्हणाला,
सर, आमच्या सात पिढ्यांच्या हातात सूत. माती कुणाच्याच नाही.
मी संख्याशास्त्र शिकवतो. मी काय बोलणार?

शेणखत सिद्धारामनं आणलं, अक्कलकोटच्या एसटीतून.
कंडक्टरनं पोत्याचं अर्धं तिकीट फाडलं;
पोत्याशेजारी सोलापूरपर्यंत कुणी बसलं नाही.
कोंडाच्या मामाच्या मागावरून आलं टाकाऊ सूत,
पांढरंच, रंगाचं नको,
ते अंथरलं वाफ्यावर.
बेचाळीस अंशांत ओल धरून ठेवणारी
ही चादर दुकानात मिळत नाही.

पाणी?
शहराचा नळ चार दिवसांआड, त्याच्याकडं काय मागायचं.
मेसच्या मोरीचं पाणी कर्दळीतून गाळत आणलं,
निम्मं तर वाटेतच जमिनीनं पिऊन टाकलं.
वांगी जळाली. मिरचीनं मान टाकली.
परीक्षा आल्या, पाळ्या चुकल्या.
तस्कीन बागवान वहीत लिहायची :
मेलं. मेलं. मेलं. शंका.

माझ्या विषयात शंकेवर अख्खी प्रकरणं आहेत,
पण त्या ओळीपाशी वाकून
रोज सकाळी कुणी ओंजळभर पाणी घालत नाही.

तगली ती एकटीच.
लाल देठाची, खरबरीत, कुणाचे उपकार नसल्यासारखी.
मग तिच्या नावावरून भांडण.
व्यंकटेश म्हणे गोंगुरा. सिद्धाराम म्हणे पुंडी.
तस्कीन म्हणाली, अब्बा मंडईत अंबाडी म्हणून ओरडतात,
गिऱ्हाईक बघून तिन्ही ओरडतात.
पाटी रंगवून तयार आहे. अजून कोरी.

अकरा जुड्या निघाल्या.
मेसच्या मल्लम्मांनी हातावर तोलल्या, चारशे ताटांकडं पाहिलं,
आणि हसल्या नाहीत. तेवढं पुरे होतं.
डाळीत टाकल्या.

रात्री आम्ही कोपऱ्यात बसून
दुसऱ्यांची तोंडं बघत राहिलो.
कडक भाकऱ्या मोडल्या, शेंगाचटणी फिरली,
कुणी फोनवर, कुणी उद्याच्या पेपरात.
कुणाला काही कळलं नाही.
मग तिसऱ्या रांगेतल्या एका पोरानं
वाटी नाकाशी नेली :
'आज डाळ आंबट कशी काय ओ?'

तस्कीननं वही उघडली,
वेळ लिहिली :
आठ वाजून बारा मिनिटं.