जवळ असणे

सक्करदऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर
टिनाच्या खोलीत माझा इंग्रजीचा वर्ग.
संध्याकाळी सातलाही भिंती तापलेल्या,
कूलर नुसता ओल्या गवताचा वास फेकतो.
फळ्यावर लिहिलं : हॅव.
आणि बाजूला, शब्दकोशाला विचारून :
जवळ असणे.

छबूताई नंदनवार मागच्या बाकावर.
दिवसभर मेसच्या पोळ्या लाटून आलेल्या,
मनगटावर वाफेचा जुना डाग.
म्हणाल्या, “सर, माहा पोरगा पुण्याले हाये.
जवळ नाही. मंग हॅव म्हनू का नोको?”

वर्ग हसला. मीही.
म्हटलं, म्हणा. इंग्रजीला अंतर चालतं.
घर हॅव, सायकल हॅव,
सासू हॅव, ताप हॅव.
“ताप काऊन? तो तर आपल्याले धरते.”
याचं उत्तर माझ्याकडे
नव्हतं. (बघा, माझ्याकडे.
आम्ही उत्तरसुद्धा मुठीत धरत नाही,
ते आमच्या आसपास कुठेतरी असतं.)

मग हॅव टू.
आय हॅव टू गो : मला जावं लागतं.
‘लागतं’ ऐकून त्या सावरून बसल्या.
“ऊन लागते, ठेच लागते,
लेकराचा लळा लागते,
हे समदं हॅव टू का, सर?”
नाही, म्हटलं. फक्त जे टाळता येत नाही ते.
“मंग?” म्हणाल्या,
आणि वहीत बघत बसल्या.

शनिवारी वह्या तपासत होतो.
मोठा आय, पुढे हॅव टू सन.
टू म्हणजे टी-ओ. सनला एस नाही.
लाल पेनाने मध्ये डब्ल्यू घुसवला,
एस जोडला, मग थांबलो.
“छबूताई, मुलगा तर एकच म्हणाला होतात.”

पदराने चष्मा पुसत राहिल्या. काच कधीच स्वच्छ झालेली.
“मोठा. इतवारी स्टेशनावर मीच सोडला,
गोंदियाच्या गाडीत, हातात डबा देऊन.
अकरा वर्सं झाली. ना चिठ्ठी, ना खबर.
मराठीत लय तरास हाये, सर.
कोनी इचारलं का ठरवा लागते,
हाये म्हनाव का होता म्हनाव.
तुमचं हॅव बरं हाये.”

हॅड सोमवारी घ्यायचं होतं,
फळ्याच्या कोपऱ्यात तसं लिहूनही ठेवलं होतं.
सोमवारी मी
विशेषणं घेतली.