फ्लोटचं वजन

एप्रिल संपत आला. कुंपणाकडेला अजून मळका बर्फ
आणि शेडच्या दारातून धूर,
काळा, इतका की रस्त्यापलीकडून प्रोकोपिव बाईंचा फोन:
दार्का, टायर जाळतेस की काय?

कॉकशट. तातोंहून दोनच वर्षांनी लहान.
सास्काचेवानची सगळी थंडी त्या दोघांनी वाटून घेतलेली.
"पेट्रोलच वाईट येतं हल्ली," तातो म्हणाले.
दारात खुर्ची टाकून बसलेत.
ऐकू काही येत नाही, सांगता मात्र येतं.

चोक पाहिला. पूर्ण उघडा.
हवेच्या गाळणीतलं तेल रेघेपाशी, वर नाही.
मेन जेटचा स्क्रू पाव आटा आत,
अजून पाव,
इंजिनाला धाप लागली, धुराचा रंग तोच.
प्लग काढले. चारही मखमली काळे,
बोट लावलं की बोटाची रेघ.

मग तोटी बंद करून कार्बोरेटर उतरवला, उघडला,
आणि फ्लोट तळहातावर घेतला.
दोन पितळी डब्या, जुळ्या.
पेट्रोलवर तरंगायचं, वेळेला सुई दाबायची
आणि म्हणायचं, पुरे.
एवढंच काम. तेच होईना.

भोक पडलं असणार. आत पेट्रोल शिरलं असणार.
कानाशी धरून हलवला. काही नाही.
सवयीने तातोंच्याही कानाशी धरला.
"भरलाय," ते म्हणाले.
"रिकामा आहे, तातो."
"भरलाय."

स्वयंपाकघरात, आईच्या बोर्श्टच्या पातेल्यात
कढत पाण्याखाली दाबून धरला.
(आई असती तर पातेलं गेलं असतं, मीही.)
एक बुडबुडा नाही.

शेवटी तिचाच पिठाचा तराजू काढला.
एकीकडे हा,
एकीकडे वुयको हॅरींच्या भंगारातून आणलेला दुसरा.
आमचा चार ग्रॅमनी जड.

तेव्हा कुठे शिवणीकडे नीट पाहिलं.
डाख. त्यावर डाख.
पहिला थेंब बेताचा, सपाट, वुयकोंच्या हातचा,
रेल्वेत उभा जन्म पत्रे जोडण्यात गेला त्यांचा.
दुसरा जरा फुगीर.
तिसरा म्हणजे गाठच, वेडीवाकडी,
जळलेल्या राळेसकट.

"ही कुणाची?"
तातोंनी गाठ चष्म्याशी नेली. बराच वेळ.
"रस्ता वितळला होता. गाडी चिखलात आसापर्यंत.
ओल्हा आत बसलेली, कळा सुरू.
कॉकशटने ओढल्याशिवाय निघणार कशी?
कंदिलावर केलं. हात हलत होता."
मग म्हणाले, "तेव्हापासून जरा जास्त पितो.
चालला ना पण."

मी कानस हातात घेऊन तशीच उभी.
एक्केचाळीस वर्षं
हा जास्तीचा घोट माझ्या नावावर होता.

"घास," ते म्हणाले. "सगळी नको."

घासली. तराजूवर ठेवली, परत घासली.
डब्याच्या झाकणात चिमूटभर राखाडी भुकटी.
फ्लोटची उंची पट्टीने पाहिली, जीभ जराशी वाकवली,
सगळं बसवलं. स्क्रू होता तिथे आणला.

तिसऱ्या फेरीला सुरू झालं.
नळीच्या तोंडावरचं झाकण टकटक उडतंय,
वर नुसतं आकाश थरथरतंय,
धूर म्हणून काही नाही.

तातो खुर्चीतून उठले, नळीकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं.
"बंद पडला?"

मी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला.