द डोअर

दिवाडीच्या शाळेत, शेवटच्या तासाला,
अल्दा टीचर फळ्यावर लिहितात:
पहिल्यांदा दिसला तर ‘अ डॉग’,
तोच पुन्हा आला की ‘द डॉग’.

ओळख झाली म्हणून? सर्वेश विचारतो.
तसंच धर, टीचर म्हणतात.
खडू झटकतात. बाहेर फेरीचा भोंगा.

आपल्याकडे नुसतं ‘कुत्रा आला’.
कुठला, ते भुंकण्यावरून कळतं.

नाताळच्या आधी बाबा जहाजावरून आले,
अकरा महिन्यांनी, दाढी वाढवून,
हातात चॉकलेटांचा डबा.
धाकटी आईच्या पदरामागे गेली,
बाहेर येईना.

सर्वेशने तिच्या वतीने
मनात वाक्य जुळवलं:
अ मॅन इज ॲट द डोअर.

बरोबर आलं.
दार तेवढं
तिच्या ओळखीचं होतं.