इतर माल

देश झाला त्याला आज एकोणीस दिवस.
झेंडा आला, राष्ट्रगीत आलं,
शिक्का अजून आलेला नाही.
जुन्या सरकारच्या शिक्क्यावरचं नाव
मी ब्लेडनं खरवडून काढलंय;
पावतीवर उमटतं ते एक रिकामं कडं
आणि आत तारीख.
तारीख तेवढी आमची.

निमुलेचा नाका म्हणजे एक कंटेनर,
दोन पिंपांवर आडवा टेकवलेला बांबू
आणि पाच किलो जास्त दाखवणारा काटा.
(कुणाला सांगू नका. सरकारच्या बाजूनं चुकणारी
एवढी एकच गोष्ट आमच्याकडे आहे.)

पलीकडून सगळं येतं.
टोमॅटो, अंडी, सिमेंट, पत्रे, गाद्या,
बीअरचे क्रेट, शाळेच्या वह्या,
खिळेसुद्धा.
आमच्याकडे काय बनतं म्हणाल तर
अजून तरी भाषणं.
त्यांना पलीकडे गिऱ्हाईक नाही.

राजधानीचे साहेब येऊन सांगून गेले,
टियोंडी, मास्तरांचे पगार
ह्याच बांबूखालून जायचेत,
दवाखान्याची सुई, न्यायाधीशाची खुर्ची,
शिपायाच्या पायातला बूट.
आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?
मी मान हलवली.
आड खणायची फावडीही पलीकडूनच येतात
हे बोललो नाही.
फावड्यांवर दहा टक्के.

वसुली मी आधीही केलीये.
रानात होतो तेव्हा, खांद्यावर बंदूक.
गावात शिरायचं, ज्वारीचं पोतं उचलायचं,
म्हणायचं, ‘लढ्यासाठी.’
पावती नव्हती. बायका काही बोलायच्या नाहीत.
आता पावती आहे आणि सगळ्या बोलतात.
कांदेवाली कारेओ तर रोज भांडते:
‘त्यांच्या राज्यात लाच देत होते,
तुझ्या राज्यात जकात देते,
फरक काय तो माझ्या कांद्यांना विचार.’
मी तिला पावती फाडून देतो.
तो फाडल्याचा आवाज मला आवडतो,
खोटं कशाला बोलू.

काल दुपारी अंजोयो आली.
बावीस वर्षं अजुमानीच्या छावणीत काढून,
डोक्यावर पत्र्याची ट्रंक,
कोरी, किमतीचा कागद अजून चिकटलेला.
‘काय आहे?’
‘नवरा.’

तिनं छावणीच्या दफनभूमीतून
स्वतः उकरून आणला होता,
धुऊन, चादरीत बांधून.
मी दरपत्रक काढलं. चार पानं.
चहा आहे, चपला आहेत, जिवंत कोंबड्या आहेत.
शेवटची ओळ:
इतर माल, मूल्याच्या दहा टक्के.
आणि सवयीनं तोंडातून गेलं,
‘मूल्य किती?’

ती चिडली नाही. विचारात पडली.
म्हणाली, ‘ट्रंकेचे पैसे मी मोजलेत.
त्याचं तूच सांग.
तू आमच्या दारात आला होतास एकदा.
पोतं त्यानंच तुझ्या पाठीवर चढवून दिलं होतं,
तुझा खांदा दुखावलेला होता म्हणून.’

मला खांदा आठवला.
माणूस आठवेना.

‘जा,’ म्हटलं, ‘माफ आहे.’
ती हलली नाही.
‘माफ नको. ट्रंकेची जकात घे
आणि पावती फाड, त्याच्या नावानं.
ह्या देशाचा एकही कागद
त्याच्या नावाचा नाही.’

मी लिहिलं: वुनी. ट्रंक, एक. कोरी.
ट्रंक काट्यावर चढवली नाही.
शिक्का मारला; रिकामं कडं उमटलं, आत तारीख.
तिनं ते नीट पाहिलं, फुंकर घालून वाळवलं,
कुलूप उघडलं,
आणि पावती आत ठेवली, चादरीच्या गाठीत.

मागे अंड्यांची लॉरी कधीची हॉर्न वाजवत होती.
उन्हात अंडी थांबत नाहीत.
मी बांबू उचलला.